तोरणमाळला फोडलेला नारळ

आमच्या देवघरात खुंटीला नारळ टांगलेले असत. लाल कापडात बांधलेले, एकाखाली एक. बाहेरगावच्या बायका आल्या की त्यांची नजर आधी त्या नारळांवर जायची, मग माझ्या पोटावर, आणि मग त्या बशीतल्या चहाला उगाच फुंकर घालत बसायच्या. एकेक नारळ म्हणजे एकेक देव. नवस बोलायचा, देवाच्या पायाला लावलेला नारळ घरी आणून बांधायचा, आणि मूल झालं की त्याच देवापुढे नेऊन फोडायचा, अशी आमच्याकडची रीत. आमच्या घरी फोडायची वेळच येत नव्हती. खुंटी मात्र भरत चालली होती.

माझं माहेर धुळ्याचं, सासर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातलं. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची तीन मुलं आणि आम्ही दोघं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत मी नवऱ्याबरोबर गावाबाहेर गेले ती तीनच कामांना: लग्नाला, मयतीला, नाहीतर मूल मागायला. लग्नात बायका वेगळ्या बसतात, मयतीत वेगळ्या बसतात, आणि देवाच्या रांगेतही वेगळ्याच उभ्या राहतात. म्हणजे बरोबर असे आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

मला तोरणमाळ बघायचं होतं. आमची शाळेची सहल तिथे गेली तेव्हा मुलींना नेलं नाही, घाट वाईट आहे म्हणाले. मुलांना तोच घाट कसा चांगला लागला कोण जाणे. वर सातपुड्याच्या माथ्यावर थंड हवा, मोठं तळं, उतारावर पिवळी शेतं, असं मुलं महिनाभर सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि डोक्यात ठेवून दिलं.

ते बाहेर आलं ऐंशीनंतरच्या एका वर्षी, दिवाळी उरकल्यावर. कापसाची पहिली वेचणी झाली होती, दुसरीला अवकाश होता. मी ह्यांना म्हटलं, "मला तोरणमाळला जायचंय."

"जाऊ की," हे म्हणाले. "तिथे नाथांचं देऊळ आहे. माय लगेच हो म्हणेल."

"देवळाचं मी बोलले का?"

"मग घरी काय सांगू?"

"सांगा, फिरायला जातोय."

हे हसले. मी हसत नाहीये हे बघून थांबले. आमच्या गावात फिरायला कोण जातं? फिरतात ती उनाड पोरं आणि मोकाट गुरं. नवरा-बायको, तेही मूल नसलेले, नुसते फिरायला निघाले म्हणजे लोकांच्या तोंडाला काही महिने पुरेल एवढं सामान झालं. हे सगळं मला कळत होतं. पण मी हट्टाला पेटले होते. मला एक प्रवास असा हवा होता की ज्यात मी कुणापुढे पदर पसरणार नाही. एकच. मग पुन्हा हवं तर जन्मभर रांगा लावीन, असंही मी म्हणाले. ते अर्थात रागात म्हणाले, तसा माझा काही विचार नव्हता.

ह्यांनी घरी सांगितलं ते अर्धंच. "तोरणमाळला जाऊन येतो," एवढंच बोलले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. उरलेलं सासूबाईंनी मनानेच पुरं केलं. निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी माझी ओटी भरली, ओटीत नारळ ठेवला.

"हाऊ नारय नाथना पायले लावजो नि परत लई येजो," त्या म्हणाल्या. "आते तरी तो ऐकी."

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई वाईट नव्हत्या. माझ्यासाठी त्यांनी किती उपास काढले ते मला ठाऊक होतं, आणि तेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर तिथल्या तिथे तोंडावर सांगितलं असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपलेचा अंगठा नीट करण्यात फारच गुंतले होते. मी नारळ पिशवीत टाकला आणि पिशवी ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, तुमच्या गप्प बसण्याचं वजन तुम्हीच उचला.

पारोळ्याहून धुळ्याच्या गाडीत आमच्या गावचे चार लोक होते. हे लगेच मागे जाऊन त्यांच्यात बसले. मी पुढे बायकांच्या सीटवर. वाटेत ह्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे चारचौघांत बायकोजवळ बसणं म्हणजे नवरा तिच्या ताब्यात गेला असा अर्थ होतो. मला तेव्हा खूप राग आला. सहलीला निघालेली बाई मी, आणि माझा नवरा मागच्या सीटवर सरकीच्या भावावर बोलतोय.

धुळ्याला गाडी बदलली आणि ओळखीची तोंडं गेली, तेव्हा हे माझ्या शेजारी येऊन बसले.

"आलात?" मी विचारलं. "मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर चाललाय."

"गप बस," हे म्हणाले, पण सरकले नाहीत. शहाद्यापर्यंत आमचे खांदे एकमेकांना लागत होते. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी हे पहिल्यांदाच होत होतं, आणि मला ते आवडत होतं, सरळ सांगते.

शहाद्याहून वर जाणारी गाडी घाटाला लागली आणि ह्यांचा रंग उतरला. ढेकळात वाढलेला सपाटीचा माणूस. पहिल्या वळणाला गप्प झाले, पुढच्या वळणाला खिडकीशी गेले. मी लिंबू कापून दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. गाडीतल्या बायका बघत होत्या, बघू दे म्हटलं. मुलींना घाट झेपत नाही म्हणणाऱ्या आमच्या मास्तरांना त्या वेळी गाडीत बसवायला हवं होतं. मला काहीसुद्धा झालं नाही. मी अख्खा घाट बाहेर मान काढून बघितला.

वर उतरलो आणि अंगाला गार वारा लागला. आमच्याकडे त्या दिवसांतही दुपारी डोक्यावर पदर घ्यावा लागतो, इथे ह्यांनी टोपी कानावर ओढली. एका चहावाल्याने त्याच्या दुकानामागची खोली रात्रीपुरती दिली. पिशव्या टाकल्या आणि आम्ही निघालो.

त्या मुलांनी खोटं सांगितलं नव्हतं. उतारांवर खुरासणी फुलली होती. डोंगराच्या अंगावर जिथे म्हणून मातीचा तुकडा होता तिथे पिवळं. मधे कुठे वरईचं कापलेलं रान, कुठे ज्वारी, कडेला सीताफळीची झाडं. आणि प्रत्येक शेतात एकच घर. आमच्या गावात घराला घर चिकटलेलं, एका घरात शिंक आली तर पलीकडून "काय झालं" म्हणून विचारतात. इथे एक घर इकडच्या टेकडीवर, दुसरं पार तिकडच्या. मी उभी राहून ती घरं मोजायला लागले आणि मोजायचं सोडून नुसती बघत राहिले.

मागे वळले तर नवरा गायब. बघते तो हे एका शेतात उकिडवे बसलेले, हातात मातीचं ढेकूळ, ते चुरून वास घेतायत.

"अहो, आपण फिरायला आलोय ना?"

"फिरतोच आहे," हे म्हणाले. "लाल आहे बघ. पाणी धरत नसणार. एवढ्या उताराला पेरायची पाभर कशी चालवत असतील?"

घरी मातीत, इथे आलो तर मातीत. मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना तळं दाखवा, कडा दाखवा, हे आधी बांध बघणार. तेवढ्यात त्या शेताचे मालक, एक पावरा आदिवासी जोडपं, वरच्या घरातून खाली आलं. चोर समजतील म्हणून मी घाबरले. पण त्या माणसाने ह्यांच्या हातातली माती बघितली आणि तो हसला. दोघांची भाषा वेगळी, तरी पाभरीवरून त्यांचं जमलं. बाईने मला पाणी दिलं आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत विचारलं, कशाला आलात?

"बघायला," मी म्हणाले.

"काय बघायला?" ती म्हणाली. "हे तर शेत आहे." आणि ती इतकी हसली की मीही हसायला लागले. मुलं किती, हे तिने विचारलं नाही. कदाचित तेवढी भाषा तिला येत नसेल. पण नव्या बाईने मला ते विचारलं नाही असं त्या वर्षांत पहिल्यांदाच झालं, आणि मी तिच्या ओट्यावर जरा जास्तच वेळ बसले. निघताना तिने माझ्या पदरात सीताफळं घातली. जन्मभर ओट्या भरून घेतल्या होत्या मी, पण ह्या फळांच्या बदल्यात कुणाला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. काठाकाठाने चालत नाथांच्या देवळाजवळ आलो, तसे हे पिशवी चाचपायला लागले. नारळ काढला.

"दोन मिनिटांचं काम आहे," हे म्हणाले. "पायाला लावू आणि येऊ. मायला बरं वाटेल."

मी तिथेच एका दगडावर बसले. "तुम्ही जा. मी येत नाही."

"नाथांनी तुझं काय केलंय?"

"काही नाही केलं. माझं नाथांशी भांडण नाही, इथून हात जोडते." मी जोडले. "पण हा नारळ त्या पायाला लागला की मी पुन्हा मागायला आलेली बाई होणार. मग कालचं शेत, घाट, तुमचं शेजारी बसणं, सगळं त्या नवसात जमा. घरी गेल्यावर खुंटीला आणखी एक. मला ते नकोय. मला एकदा तरी कुणी आणलेली नाही, मी आलेली, असं हवंय."

हे नारळ हातातल्या हातात फिरवत राहिले. मी मात्र सुटले होते. म्हटलं, तुम्हाला काय कळणार, तुम्ही तर मागे उभे असता.

तेव्हा हे खाली बसले, माझ्या शेजारी, आणि तळ्याकडे बघत म्हणाले, "मागेच उभा असतो. तुझ्या चपला हातात घेऊन. सगळे तुला पुढे बोलावतात, तुला अंगारा लावतात, तुला उपास सांगतात. मला कुणी काही विचारत नाही, आणि मी गप्प राहतो. तू परत येतेस तेव्हा तुझं तोंड बघवत नाही मला." मग म्हणाले, "मलाही कंटाळा आलाय मागायचा. मला मूल नसलं तरी चालेल. तू अशी वाळत चाललेली नाही चालणार."

हा माणूस इतकं बोलतो हे मला माहीत नव्हतं. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, तिथे बघणारं कुणी नव्हतं. माझं आवरेस्तोवर ह्यांनी नारळाची शेंडी सोलली. मला वाटलं, देवळात जायची तयारी. ह्यांनी नारळ उचलला आणि आम्ही बसलो होतो त्याच दगडावर आपटला.

पाणी ह्यांच्या धोतरावर उडालं. आम्ही दोघं त्या फुटलेल्या नारळाकडे बघत बसलो. नवसाआधीच फोडलेला नारळ. असं आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, खा," हे म्हणाले.

पिशवीत भाकरी होती, गुळाचा खडा होता. चाकूने खोबरं काढून आम्ही भाकरीबरोबर खाल्लं. कोवळं होतं, गोड होतं. अर्धी वाटी ह्यांनी मला दिली, अर्धी मी ह्यांना दिली, उरलेलं एकमेकांना आग्रह करून संपवलं. प्रसाद म्हणून चिमूटभर खोबरं मी कितीदा खाल्लं होतं. पोटभर त्या दिवशी खाल्लं.

दुपारच्या गाडीने आम्ही उतरायला लागलो आणि ह्यांची हिंमतही घाटाबरोबर उतरायला लागली. तळ्यावर दोघांतच बोलणं वेगळं, आता घरी ओट्यावर ह्यांची आई बसलेली असणार होती. मला ह्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. तळ्यावरचं सगळं बोलणं घरच्या उंबऱ्यावर फुकट जाणार, हीच भीती होती.

धुळ्याच्या स्टँडवर पारोळ्याच्या गाडीला वेळ होता. फाटकाशी एक जण नारळ विकत होता. ह्यांनी तिकडे बघितलं.

"एक घेऊन टाकू का?" हे हळूच म्हणाले. "लाल कापडात बांधला की झालं. कुणाला काय कळतंय?"

कुणाला काही कळलं नसतं, ते खरं होतं. नारळाच्या तोंडावर देवाचं नाव लिहिलेलं नसतं. भांडण टळलं असतं, आत्याबाईंना बरं वाटलं असतं. आणि मला ती खुंटी रोज बघावी लागली असती. माझ्या जिभेवर खूप काही आलं. पण ह्या वेळी मी बोलायचं नाही असं ठरवलं. माझ्या बोलण्याने हे ऐकले असते तर तो निर्णय माझाच राहिला असता. मी पिशवीतलं एक सीताफळ काढलं आणि खात बसले. बिया थुंकत होते आणि ह्यांच्या पाठीकडे बघत होते.

हे त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले. एक नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला. परत ठेवला. दुसरा उचलला. मला सीताफळाची चव लागेना. मग हे वळले आणि शेजारच्या गाडीवरून गरम फुटाण्याचा पुडा घेऊन आले. तो माझ्या मांडीवर ठेवला.

पारोळ्याच्या गाडीत आमच्या गावचे लोक होते, असणारच. मागून एकाने हाक मारली, "ये रे, इकडे जागा आहे." हे म्हणाले, "राहू दे, इथे बरा आहे," आणि माझ्या शेजारी बसले. मी फुटाणे सोलून ह्यांच्या हातावर ठेवत होते. मागे कुणीतरी हसलं. ह्यांचे कान लाल झाले, पण हे उठले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आत्याबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. जाऊ दारात उभी. मी वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि पुढे केले. माझ्याकडे नाही, पिशवीकडे.

"नारय?"

मी पिशवीतली उरलेली सीताफळं त्यांच्यापुढे ठेवली. हे एक पाऊल पुढे आले.

"नारय नही शे, माय," हे म्हणाले. "फोडा नि खाई लिधा."

"देवना नारय? कोनी खादा?"

"आम्ही दोन्हीस्नी. देवकडे गयथूतच नही. फिराले गयथूत आम्ही." टोपी सारखी करून पुढे बोलले. "नि आते इले कोठेच मागाले लई जावाव नही मी. बठ्ठा देव व्हई गयात."

जावेने तोंडाला पदर लावला. आत्याबाई किती तरी वेळ ह्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी ह्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, मी तरी कुठे ऐकलं होतं? मग त्यांनी एक सीताफळ हातात घेतलं, दाबून बघितलं आणि माझ्याकडे मान वळवली. मी मनात तयारी केली, आता येणार ते ऐकून घ्यायची.

"गोड व्हता का?" त्यांनी विचारलं.

"व्हता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि सूप पुन्हा पुढे ओढलं. गावाने आम्हाला पुढे बरंच ऐकवलं, पण ह्या विषयावर घरात बोलणं झालं ते एवढंच.

मूल आम्हाला झालं नाही, हे सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. पण दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही कुठे तरी फिरायला गेलो, आणि कुठे जाता म्हटलं की हे ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं सांगायचे, फिरायला.

परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी देवघरातली खुंटी रिकामी केली. लाल कापडं सोडली, नारळ एकेक करून पायरीवर फोडले. पाणी कधीच आटून गेलं होतं, आत खोबऱ्याचा कोरडा गोटा झाला होता. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याला असंच सुकं खोबरं लागतं. मी वाट्या चुलीवर भाजायला घेतल्या आणि पाठीमागे आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. माझा हात थांबला. त्या खाली बसल्या, एक तुकडा दाताखाली धरून बघितला आणि पाटा माझ्याकडे सरकवला.

"खवट निंघी ते तेवढा फेक," त्या म्हणाल्या. "बाकीना वाट."

त्या दिवशीची भाजी सगळ्यांनी मागून मागून खाल्ली.